यादीतली पहिली जागा

गुरुवारी दुपारी तो फोन लावून दिला डार्लानेच.

त्यात नवल काही नव्हतं. केटरमनांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं फोन तीच लावून देत आली होती. सासरे स्वतः कधी नंबर फिरवत नसत. आतल्या खोलीतून हाक यायची, "डार्ला, अमक्याला लाव बघू," की ही लावायची. नव्वदी उलटली तरी म्हातारा रोज दहाला पांढरा कोट चढवून हजर. जुने पेशंट मान-पाठ मोकळी करून घ्यायला त्यांच्याकडेच यायचे, आणि सगळं हॅलिडे गाव त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणायचं. सूनही डॉक्टरच म्हणायची. तर गुरुवारी डॉक्टरांनी स्प्रिंगफील्डच्या बेथनी हॉस्पिटलमधला सर्जरीचा प्रमुख स्टॅन प्रूइट मागितला. तिने लावून दिला, आणि रिसीव्हर ठेवता ठेवता दोन वाक्यं कानावर पडलीच.

"स्टॅन, माझी नात तुमचं नाव पहिलं घालणार. ऑरिन केटरमनचा शब्द समज हा."

डार्लाने रिसीव्हर ठेवला तो उलटाच. तिच्या लेकीची, ब्रिनची, यादी बुधवारी संध्याकाळी आठला बंद होणार होती. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाची पोरं पुढच्या शिक्षणासाठी जिथे जिथे मुलाखती दिल्या त्या हॉस्पिटलांची पसंतीने यादी करतात, हॉस्पिटलं पोरांची करतात, दोन्ही याद्या कॉम्प्युटरमध्ये जातात आणि पुढची पाच वर्षं कोण कुठे काढणार ते तो ठरवतो. एकदा बंद झाली की गव्हर्नर आला तरी बदलत नाही. ब्रिनला सर्जन व्हायचं होतं. यादीत पहिलं काय घालायचं ते तिने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि इकडे आजोबा परस्पर शब्द देऊन मोकळे!

तीन दिवस डार्लाने तोंडाला कुलूप लावलं. नवऱ्यालाही बोलली नाही. रविवारी डॉक्टरांचा एक्याण्णवावा वाढदिवस होता, नणंद येणार होती, कॅलिफोर्नियाचा चुलतसासरा येणार होता. मेजवानीत विष कशाला कालवा, असं तिने स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर तिला म्हाताऱ्याची भीती वाटत होती. एकतीस वर्षांत तिने त्यांना एकदाही उलट उत्तर दिलेलं नव्हतं, आणि हे तिचं तिलाच अलीकडे खुपायला लागलं होतं.

रविवारी चर्चमधून सगळे थेट घरी आले. बर्फ वितळून अंगणात नुसता राडा झाला होता, त्यामुळे दारात बुटांची रांग लागली. टेबलावर भाजलेलं हॅम होतं, साईतले बटाटे होते, शेंगांची भाजी होती आणि डॉक्टरांना आवडतो म्हणून गूजबेरी भरून भाजलेला गोड 'पाय' होता. नणंदबाई लॉर्ना कॅन्सस सिटीहून तीन तास गाडी हाकत आली होती. ती भूल देणारी डॉक्टर, आणि एम.डी.च्या कॉलेजात शिकलेली या घरातली एकटीच. बाकीचे डॉक्टर डी.ओ.च्या कॉलेजातले. अमेरिकेत या दोन्ही डॉक्टरकीच्या पहिल्याच पदव्या. दोघेही सारखीच औषधं लिहितात, सारखीच ऑपरेशनं करतात. डी.ओ.ला वर हाताने हाडं-स्नायू मोकळे करायला शिकवतात इतकंच. पण त्या दोन अक्षरांवरून केटरमनांच्या घरात साठ वर्षं जे रामायण चाललं होतं ते विचारू नका.

प्रार्थना झाली, हॅम फिरलं, आणि लॉर्नाने पहिलाच घास घेऊन विचारलं, "मग ब्रिन, शिकागो पहिलं ना?"

ब्रिन बटाट्यात काटा फिरवत राहिली. सत्तावीस वर्षांची पोर, पण आज बारा वर्षांची दिसत होती. "अजून ठरवत्येय आत्या."

"त्यात ठरवायचं काय?" डॉक्टर म्हणाले. "शिकागोची लेकशोअर युनिव्हर्सिटी म्हणे! वेबसाइट बघा त्यांची. सर्जरीच्या चाळीस पोरांचे फोटो, आणि चाळीसच्या चाळीस एम.डी."

"एकोणचाळीस, आजोबा. एक डी.ओ. आहे. मी मोजलेत."

"एक! ते नमुना म्हणून ठेवलंय."

"मी ऑगस्टमध्ये महिनाभर तिथे काम केलं. त्यांनी स्वतःहून मुलाखतीला बोलावलं."

"आणि महिनाभर काय ऐकलंस तिथे? सांग की आत्याला."

ब्रिनने आईकडे पाहिलं. ही गोष्ट तिने फोनवर रडत आईला सांगितली होती, आणि आईने जेवताना घरात सांगितली होती. डार्लाला आपली जीभ चावावीशी वाटली.

"काही नाही," ब्रिन म्हणाली. "एकाने विचारलं, तुमचं कॉलेज कुठे आलं? मी सांगितलं. तो म्हणाला, 'अच्छा, म्हणजे तुम्ही पाठी कडकड मोडता.' झालं. पण शेवटच्या दिवशी तिथल्या मोठ्या बाईंनी माझे टाके बघितले आणि म्हणाल्या, हात चांगला आहे."

"हात चांगला आहे हे बेथनीवाले पहिल्याच दिवशी म्हणाले," डॉक्टर म्हणाले. "ते आपलं हॉस्पिटल आहे. डी.ओ. लोकांनी पै पै करून उभं केलेलं. तिथे कुणी तुला कॉलेज कुठे आलं म्हणून विचारणार नाही."

डार्लाने नवऱ्याकडे पाहिलं. रसेल काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं. मुलीसाठी तो कुणाशीही भांडला असता. पण रसेल बशीत बघून म्हणाला, "बेथनी चांगलंच आहे. मिझुरीत आहे. आणि उगाच आशा लावून मग..." पुढचं त्याने हॅमबरोबर गिळलं.

"मला एवढंच कळत नाही," ब्रिन म्हणाली, "शिकागो पहिलं घातलं आणि त्यांनी घेतलंच नाही, तर माझी पहिली जागा फुकट जाणार. तोवर बेथनीच्या जागा भरल्या तर? मग मी कुठेच नाही. गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या हुशार मुलाचं तसंच झालं. कुठेच लागला नाही तो."

"तसं होत नसतं गं राणी," लॉर्ना म्हणाली. तिने ब्रेडची टोपली पुढे ओढली. "नीट ऐक. कॉम्प्युटर आधी तुला शिकागोच्या दारात नेतो. ते नाही म्हणाले की लगेच बेथनीच्या दारात. तिथे तोवर सगळ्या खुर्च्यांवर पोरं बसली असली, आणि त्यातल्या एकाला बेथनीने तुझ्या खाली लावलेलं असलं, तर त्याला उठवतात आणि तुला बसवतात. तू शिकागो पहिलं घातलंस म्हणून बेथनीत तुझा नंबर एका केसानेही खाली येत नाही. त्यांना तुझी यादी दिसतसुद्धा नाही."

"बसलेल्याला उठवतात?" डॉक्टर म्हणाले. "हा काय सभ्यपणा झाला?"

"पप्पा, ते बसलेले नसतात हो, ते कॉम्प्युटरमध्ये असतात."

ब्रिन विचारात पडली. डार्लाला तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं वाटलं. तेवढ्यावर लॉर्ना थांबली असती तर सगळं सुरळीत झालं असतं. पण नणंदबाईंच्या जिभेला हाड नाही, ते लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," लॉर्ना म्हणाली, "एक वर्ष थांब, परत परीक्षा दे, एम.डी.च्या कॉलेजात जा. मग हे नमुना म्हणून एक वगैरे ऐकावं लागलं नसतं. दोन-दोन परीक्षा दिल्यास तू, एक तुमची, एक त्यांची. आणि एवढं करून तिथे जाऊन हात जोडून उभं राहायचं. कशासाठी? घराण्याच्या हौसेसाठी!"

ब्रिनचा चेहरा लाल झाला. "मी हौसेसाठी नाही गेले आत्या. मला ते कॉलेज आवडलं म्हणून गेले. आणि मी तिथे हात जोडून उभी नव्हते, बारा-बारा तास ऑपरेशनच्या टेबलाशी उभी होते."

"अगं मला तसं नव्हतं म्हणायचं."

"तसंच म्हणायचं होतं तुला. त्या शिकागोच्या पोराला आणि तुला, दोघांना तसंच म्हणायचं असतं." ब्रिनने नॅपकिन टेबलावर टाकला. "ठीक आहे. बेथनी पहिलं. आजोबा, तुमचं बरोबर आहे. मला जिथे मान आहे तिथेच मी जाईन."

डॉक्टरांनी मान ताठ करून सगळ्यांकडे पाहिलं. निवडणूक जिंकल्यासारखा म्हातारा फुलला होता. "ऐकलंस लॉर्ना? रक्त आहे हे! तुला बापाच्या पदवीची लाज वाटायची, हिला नाही वाटत."

"लाज नाही वाटायची पप्पा. कंटाळा यायचा. जाईन तिथे समजावून सांगायचा कंटाळा. तो मला जन्मभर नको होता, बस."

"आणि हा एक!" डॉक्टरांनी सुरीचं टोक समोर बसलेल्या भावाकडे केलं. "पासष्ट डॉलरचा डॉक्टर!"

आता आलं, डार्लाला वाटलं. लॉवेलकाका अठ्ठ्याऐंशीचे. फ्रेस्नोहून दोन विमानं बदलून आले होते आणि मघापासून ब्रेडला लोणी लावण्यात दंग होते. दोघे भाऊ एकाच कॉलेजात डी.ओ. झाले. धाकटा कॅलिफोर्नियाला गेला. बासष्ट साली तिथल्या एम.डी. मंडळींनी डी.ओ. लोकांना सांगितलं, पासष्ट डॉलर भरा, जुनी पदवी सोडा, आमची घ्या. लॉवेलनी घेतली. थोरल्याने त्यानंतर तेवीस वर्षं त्यांची पत्रं न उघडता परत पाठवली. दोघांच्या बायकांच्या मयतींना भेटून पुढे बोलणं सुरू झालं, पण तो पासष्टचा आकडा दर वाढदिवसाला केकबरोबर निघायचाच.

"हो, पासष्टच," लॉवेलकाका शांतपणे म्हणाले. "शनिवारी डी.ओ. होतो, सोमवारी एम.डी. मध्ये रविवारी मी गवत कापलं. अक्कल तेवढीच राहिली."

"मग घेतलीस कशाला?"

"एखादी बाई बाळंतपणात अडली की हॉस्पिटलच्या दारापर्यंत ती माझी पेशंट असायची, आणि आत गेली की त्यांची. मला बाहेर बाकावर बसवायचे. दोन वर्षं बसलो. तिसऱ्या वर्षी नाही बसवलं गेलं." त्यांनी ब्रेड खाली ठेवला. "आईचं ऑपरेशन आठवतंय तुला?"

डॉक्टरांनी सुरी बशीच्या कडेला ठेवली.

"तुला आठवतंय. हा तेव्हा कॉलेज संपवून दीड वर्ष डॉक्टरकी करत होता," लॉवेलकाका ब्रिनला म्हणाले. "गावच्या हॉस्पिटलात आमच्या आईचं पोट उघडलं, आणि याला डॉक्टर म्हणून आत नाही घेतलं. म्हणाले, भेटायच्या वेळेत फुलं घेऊन या. हा गेला बरं का. फुलं घेऊन गेला. त्या दिवशी याने ठरवलं की डी.ओ. म्हणूनच मरेन, आणि मी ठरवलं की असा नाही मरणार. ऑरिन, तुझं खरं होतं की माझं, मला अजून समजलेलं नाही. नावाने फरक पडतो. नाही पडत म्हणेल तो लबाड. पण ही पोर तुझी-माझी पंचाईत सोडवायला डॉक्टर होत नाहीये."

लॉवेलकाकांना एका दमात एवढं बोलताना डार्लाने कधी ऐकलं नव्हतं. आणि तेवढ्यात शेजारून रसेल म्हणाला, "मला बोलावलं होतं."

"कुणी? काय?" लॉर्नाने विचारलं.

"नव्वद साली. सर्जरीला. उत्तरेकडच्या एका विद्यापीठाने. आमच्या वर्षात तिथे बोलावलेला मी एकटा." रसेल आपल्या हातांकडे बघत होता. "मुलाखत झाली. परत आलो, आणि पत्र पाठवून नाव काढून घेतलं. त्यांनी अजून काही कळवलंसुद्धा नव्हतं."

डॉक्टरांचा चेहरा बघवत नव्हता. "तू तर म्हणालास तुला दवाखान्यातच यायचंय. मी तुला कधी नको म्हटलं रे?"

"कधीच नाही, पप्पा. तुमचा दोष नाही. मीच घाबरलो. तिथे हसतील, आणि हात हलवत घरी आलो की तुम्ही म्हणाल, बघ, मी सांगत होतो. म्हणून त्यांनी नाही म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकलं. दवाखान्याबद्दल मला तक्रार नाही, देवाशप्पथ. चांगलं आयुष्य गेलं. पण अजून कधी रस्त्यात गाडी चालवताना मनात येतं, घेतलं असतं का त्यांनी? तेवढंच. ते जात नाही." त्याने ब्रिनकडे पाहिलं. "आणि मघाशी मी तुला बेथनी चांगलं आहे म्हणालो. कसा म्हणालो मी?"

ब्रिन उठून त्याच्या खुर्चीमागे गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

ते पत्र डार्लाने टाइप केलं होतं. तेव्हा त्यांचं लग्न ठरलेलं, आणि तिला टाइपिंग येत होतं म्हणून रसेलने तिच्याकडे आणून दिलं. सही करायच्या आधी त्याने ते तीनदा वाचलं, हे तिने पाहिलं होतं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, नको पाठवूस. पण ही म्हणाली, पाकिटावर पत्ता मी घालू की तू? म्हणे पत्ता! चौतीस वर्षांत तिला हे एवढं लख्ख कधी दिसलं नव्हतं. एकदा गप्प बसून पाहिलं होतं, त्याचं काय झालं ते शेजारी बसलं होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुम्ही सांगता का मी सांगू?"

म्हाताऱ्याने मान वर केली. "काय सांगायचंय?"

"गुरुवारचा फोन."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. डार्लाने समोरचा पेला बाजूला सरकवला. "डॉक्टरांनी स्टॅन प्रूइटला शब्द दिलाय. ब्रिन बेथनी पहिलं घालणार म्हणून. मी ऐकलं. आणि तीन दिवस गप्प बसले, ते माझं चुकलं."

"पप्पा!" लॉर्ना खुर्ची मागे सारून उभीच राहिली. "असं करायचंच नसतं! नियमाविरुद्ध आहे हे. कुणी विचारायचंही नसतं आणि वचन द्यायचंही नसतं."

"आमच्यात असंच होत आलंय," डॉक्टर म्हणाले. पण आवाजातला जोर गेला होता. "आम्हाला दुसरं कोण विचारत होतं? एकमेकांच्या पोरांना आम्हीच धरायचं. पंच्याऐंशी साली या स्टॅनला मी माझ्या हाताखाली घेतलं ते त्याच्या काकाच्या एका फोनवर. शब्द दिला की झालं, कागद लागायचा नाही."

"पण आजोबा, मला विचारलंत?" ब्रिन म्हणाली. ती चिडली नव्हती. तेच डार्लाला जास्त लागलं.

"तुला काय विचारायचं? तिकडे तुला घेणार नाहीत, हे मला दिसत होतं. तुझ्या हातात कुणी फुलं देऊन भेटायच्या वेळेत या म्हणावं, ते मला या वयात बघायचं नव्हतं." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायचं सोडून तो सुरी नीट लावत बसला. "म्हणून फोन केला. मला वाटलं, माझ्या नावाने एक दार तरी नक्की उघडेल."

ब्रिन बापाच्या खुर्चीमागून आली आणि आजोबांच्या शेजारी खाली बसली, पार जमिनीवर, लहानपणी बसायची तशी. "आजोबा, माझा अपमान होणार असेल तर तो मला होऊ द्या ना. तुम्ही आधीच करून घेऊ नका. पण तुम्ही दिलेला शब्द मी मोडला असं मला नकोय. तुम्ही म्हणालात तर मी खरंच बेथनी पहिलं घालते. रागाने नाही. तुमच्यासाठी."

इतकं प्रेमाने ती बोलली की डार्लाला वाटलं, झालं, आता हा म्हातारा हो म्हणणार आणि पोरगी अडकणार. डॉक्टरांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"डार्ला," ते म्हणाले, "प्रूइटला लाव."

"नंबर देते," डार्ला म्हणाली. "आज तुम्ही लावा डॉक्टर."

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती आजच या घरात आली. मग खिशातून मोबाइल काढला. ती आकडे सांगत गेली, ते एकेक बोटाने दाबत गेले, दोनदा चुकले. काहीतरी भलतंच दाबलं गेलं आणि पलीकडचा आवाज अख्ख्या खोलीत घुमायला लागला.

"डॉक्टर केटरमन! वाढदिवसाच्या शुभेच्छा! किती झाले?"

"एक्याण्णव. स्टॅन, ऐक. गुरुवारी मी तुला नातीबद्दल जे सांगितलं, ते सांगायचा मला अधिकार नव्हता. मी शब्द परत घेतो. आयुष्यात पहिल्यांदा घेतोय, तेव्हा काय म्हणायचं असतं ते मला माहीत नाही."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग प्रूइट म्हणाला, "डॉक्टर, मी तो घेतलाच नव्हता. घेता येत नाही आम्हाला. गुरुवारी तुम्हाला तोंडावर बोलवेना म्हणून गप्प बसलो. आमची यादी सात जण बसून करतात. तुमच्या नातीला त्या सातांनी चार आठवडे काम करताना बघितलंय. तुमच्या फोनने ती वर जात नाही आणि खालीही येत नाही."

"म्हणजे माझ्या नावाला काही किंमत नाही म्हण की."

"तिला त्याची गरज नाही म्हणा, डॉक्टर."

म्हाताऱ्याने फोन उपडा करून टेबलावर ठेवला. डार्लाला त्यांची दया आली. साठ वर्षं ज्या नावासाठी भावाशी वैर धरलं, लेकीला टोचून बोलले, ते नाव नातीच्या उपयोगाचंही नाही आणि आडही येत नाही, हे जेवणाच्या टेबलावर असं सगळ्यांसमोर कळलं. लॉवेलकाकांनी गूजबेरी-पायची बशी त्यांच्यापुढे सरकवली. "खा रे," ते म्हणाले. "मला हे अठ्ठ्याऐंशीपर्यंत माहीत नव्हतं, तू तीनच वर्षं मागे आहेस."

डॉक्टर हसले. आधी नाकातून, मग खांदे हलवत. ते हसले म्हणून लॉर्ना हसली, आणि मग डोळे पुसत ब्रिनला म्हणाली, "मी मघाशी जे बोलले ना, ते गाढवासारखं बोलले."

"हो आत्या," ब्रिन म्हणाली, "पण खुर्च्यांचं छान समजावलंस."

बशा बाजूला करून तिने लॅपटॉप उघडला. अकरा हॉस्पिटलं होती. तिने लेकशोअर ओढून वर नेलं, बेथनी दुसरं, मग बाकीची. डॉक्टर चष्मा सारखा करून वाकले आणि प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत यादी वाचली. ब्रिनने पासवर्ड घातला, यादी पक्की केली, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रसेल उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

पुढच्या तीन आठवड्यांत घरात कुणी शिकागोचं नाव काढलं नाही. मार्चमधल्या निकालाच्या सोमवारी एवढंच कळलं की ब्रिनला जागा मिळालीय. कुठे, ते शुक्रवारी अकराला कळणार होतं. शुक्रवारी दवाखान्यात पेशंट होते, पण अकराला कुणीच आत गेलं नाही. रसेल कॅलेंडरसमोर उभा होता, डॉक्टर कोट घालून बाहेरच्या खुर्चीत बसले होते, आणि डार्लाच्या हातात फोन होता. अकरा वाजून दोन मिनिटांनी तो वाजला. मागे कॉलेजच्या हॉलमधला गलका ऐकू येत होता.

"आई," ब्रिन म्हणाली. "बेथनी."

डार्लाने फोन कानाशी आणखी दाबला. "रडत्येयस का गं?"

"थोडीशी. शिकागोने नाही घेतलं. मला खूप हवं होतं गं ते, आई. इतकं हवं होतं हे मला आत्ता कळलं." तिने नाक ओढलं. "पण सर्जन होणार मी. बेथनीतून होणार. बाबांना दे."

रसेलने फोन घेतला. बराच वेळ त्याने नुसतं ऐकलं. मग म्हणाला, "हो. हो बेटा. 'नाही' त्यांनी म्हटलं. तू म्हटलं नाहीस." एवढं बोलून त्याने फोन परत डार्लाला दिला आणि तोंड फिरवलं.

"काय झालं?" खुर्चीतून डॉक्टर ओरडले. "सांगेल का कुणी मला?"

"बेथनी, डॉक्टर," डार्ला म्हणाली. "तुमचं बेथनी." म्हातारा आता छाती फुगवणार, पेशंटांना उठवून उठवून सांगणार, अशी तिची खात्री होती.

डॉक्टर तसेच बसून राहिले. दोन्ही हात गुडघ्यांवर होते. "अक्कल नाही त्या शिकागोवाल्यांना," ते म्हणाले. "काडीची अक्कल नाही. तीन आठवडे रोज पहाटे उठून गुडघ्यांवर बसलो मी. या वयात."

"कशासाठी डॉक्टर?"

"शिकागोसाठी," म्हातारा म्हणाला. "आणखी कशासाठी?"